लेखकाचा विनोद, नटाचा विनोद : मराठी दूरचित्रवाणीचा एक आढावा

प्रश्नाची मांडणी

ब्रिटिश आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवरील विनोदाची तुलना हा इंग्रजी समीक्षेतील जुना आणि अजून न मिटलेला विषय आहे. एकच भाषा बोलणाऱ्या दोन समाजांनी एकाच माध्यमात, जवळपास एकाच काळात विनोदाच्या इतक्या वेगळ्या रीती कशा घडवल्या, हा त्या तुलनेचा गाभा होय. मराठीत ही चर्चा बहुधा परक्या मालिकांच्या दर्जाचे कौतुक आणि आपल्याकडील उणिवांची खंत एवढ्यावरच थांबते. वास्तविक मराठी दूरचित्रवाणीच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या वाटचालीत अशीच एक दुभागणी दिसते. एका बाजूला लेखकाने रचलेली, घर आणि शेजार यांच्यात घडणारी मालिका आहे, तर दुसऱ्या बाजूला नटांच्या हजरजबाबीपणावर उभे राहणारे, मोजक्या मिनिटांत संपणारे प्रहसन, म्हणजे ज्याला आज सर्रास ‘स्किट’ म्हटले जाते, ते आहे. ही दुभागणी कोठून आली, तिच्याविषयी कोणत्या भूमिका घेतल्या जातात आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, यांचा आढावा येथे घेतला आहे. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांचा संदर्भ त्यात वारंवार येतो. नटाच्या विनोदाची एक महत्त्वाची मुळी भोर तालुक्यात आहे आणि लेखकाच्या विनोदाची एक शेजारच्या सासवडला आहे, आणि तरीही या डोंगराळ मुलखातील प्रेक्षक बराच काळ दूरचित्रवाणीच्या मोजदादीबाहेर राहिला आहे.

ब्रिटन आणि अमेरिका : दोन व्यवस्था

ब्रिटनमध्ये बीबीसीचा खर्च प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कातून चालत आला आहे आणि जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही ही वाहिनी तेथे १९५५मध्ये आली. अमेरिकेत मात्र दूरचित्रवाणी प्रारंभापासूनच जाहिरातदारांच्या पैशावर उभी राहिली. या एका फरकातून पुढचे बरेच काही निघाले. ब्रिटिश विनोदी मालिका सहसा सहा-सात भागांची असते आणि ती एक लेखक किंवा लेखकांची जोडी लिहिते. रे गॅल्टन आणि अॅलन सिम्प्सन यांनी ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ आणि पुढे ‘स्टेप्टो अँड सन’ (१९६२) लिहिली, अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी ‘येस मिनिस्टर’ (१९८०) लिहिली. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे बारा भाग झाले, आणि एवढ्या ऐवजावर ती मालिका आजही ब्रिटिश विनोदाचा मानदंड समजली जाते.

अमेरिकेत एका हंगामात बावीस-चोवीस भाग देण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. त्यासाठी लेखकांचा एक गटच पगारावर ठेवावा लागतो. हा गट एका खोलीत बसून कथानक रचतो आणि विनोद घासून-पुसून घेतो. मालिकेचे शंभराच्या आसपास भाग झाले की ती स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकता येते आणि खरा नफा त्या विक्रीत असतो, म्हणून मालिका लांबावी अशीच सगळी रचना असते. १९५१मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्युसी’ने प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण करण्याची पद्धत रूढ केली, आणि तिच्याच वळणाने चालत ‘फ्रेंड्स’ने १९९४ ते २००४ या दहा हंगामांत २३६ भागांचा पल्ला गाठला.

दोन्ही देशांत देवाणघेवाणही झाली. जॉनी स्पाइट यांच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून नॉर्मन लिअर यांनी १९७१मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ केली, तर ‘स्टेप्टो’वरून ‘सॅनफर्ड अँड सन’ झाली. भारतातही ‘माइंड युवर लँग्वेज’वरून ‘जबान सँभाल के’ आणि ‘येस मिनिस्टर’वरून ‘जी मंत्रीजी’ या हिंदी मालिका आल्या. पंकज कपूर आणि फारूक शेख यांच्यामुळे त्या महाराष्ट्रातही आवडीने पाहिल्या गेल्या.

स्वभाव की व्यवस्था

या फरकाच्या कारणांविषयी तीन भूमिका आढळतात. पहिली भूमिका राष्ट्रीय स्वभावाची आहे. ब्रिटिश विनोदाचा नायक आपल्या पायरीवरून वर चढू पाहणारा आणि दरवेळी तोंडघशी पडणारा असतो, तर अमेरिकी नायक परिस्थितीवर शब्दांनी मात करणारा चतुर माणूस असतो, असे ती मानते. अभिनेते आणि लेखक स्टीफन फ्राय यांनी हे मत प्रभावीपणे मांडले आहे. दुसरी भूमिका वर सांगितलेल्या व्यवस्थेवर, म्हणजे पैसा कोण देतो, भाग किती आणि लेखक किती, यावर बोट ठेवते. तिसरी भूमिका हा भेदच अतिरंजित असल्याचे सांगते, कारण ब्रिटनमध्ये बेनी हिलसारखा उघडावाघडा, अंगविक्षेपांचा विनोद अफाट लोकप्रिय होता आणि अमेरिकेत ‘साइनफेल्ड’सारखी कोणत्याही पात्राला सुधारू न देणारी मालिका वर्षानुवर्षे चालली.

या तिन्ही भूमिका ‘द ऑफिस’ या मालिकेवर ताडून पाहता येतात. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ ब्रिटिश मालिका २००१ ते २००३ या काळात बारा भाग आणि नाताळचे दोन विशेष भाग एवढ्यात संपली. तिच्यातील स्लाउ गावचा कागदविक्री कचेरीचा व्यवस्थापक डेव्हिड ब्रेंट हा स्वतःला विनोदी समजणारा माणूस असून त्याच्या प्रत्येक कोटीनंतर खोलीत शांतता पसरते आणि प्रेक्षकाला अवघडून जायला होते. २००५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या रूपांतराचा सहा भागांचा पहिला हंगाम याच वाटेने गेला. दुसऱ्या हंगामापासून मात्र व्यवस्थापक मायकल स्कॉट हळूहळू बदलत गेला. त्याचा वेंधळेपणा तसाच राहिला, पण त्याच्या पोटातील माया दिसू लागली, आणि मालिका एकूण नऊ हंगाम व २०१ भाग चालली. बारा भागांपुरता असह्य माणूस सोसता येतो, दोनशे भाग ज्याच्या घरी जायचे तो माणूस आवडावाच लागतो. स्वभावाची उपपत्ती या बदलाचे समाधानकारक कारण देऊ शकत नाही, व्यवस्थेची देते. तुलनेच्या या टप्प्यावर दुसरी भूमिका अधिक बळकट आहे असे म्हणणे भाग आहे.

मराठीतील दोन जुने झरे

मराठी दूरचित्रवाणीचा विनोद कोऱ्या पाटीवर लिहिला गेला नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे ही लेखकांची परंपरा त्याच्यामागे होती आणि या परंपरेचा इंग्लंडशी जिव्हाळ्याचा संबंध होता. सासवडचे अत्रे शिक्षणशास्त्राच्या पदविकेसाठी लंडनला राहून आले आणि ब्रँडन थॉमसच्या ‘चार्लीज आंट’वरून त्यांनी ‘मोरूची मावशी’ रचले. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत असताना बीबीसीत दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेऊन आले, त्या प्रवासावर ‘अपूर्वाई’ हे पुस्तक झाले, आणि दिल्लीच्या दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेत ते निर्माते होते. भारतीय दूरचित्रवाणीच्या अगदी पहिल्या फळीतील एक माणूस मराठी विनोदी लेखक होता आणि तो ब्रिटिश पद्धतीत शिकलेला होता, ही गोष्ट या विषयाच्या चर्चेत पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

दुसरा झरा तमाशाचा. गण आणि गौळणीनंतर येणारी बतावणी, म्हणजे दोघा-तिघांनी सवाल-जवाबांतून उभा केलेला विनोदी संवाद, आणि शेवटचा वग, म्हणजे कथानाट्य, यांत पूर्वी लिखित संहिता नसे. नटांना कथानक माहीत असे आणि बोलणे जागेवर सुचत असे. सोंगाड्या या विनोदी नटाचे सामर्थ्य समोरच्या गावाचे, त्या दिवसाचे काहीतरी उचलून वगात आणण्यात असे. राजा आणि प्रधान यांचा प्रवेश चालू असताना सोंगाड्या मध्येच गावच्या रस्त्याचा किंवा पाण्याचा विषय काढतो, दरबाराची चौकट क्षणभर मोडते आणि लगेच पूर्ववत होते. अमुक गावासाठी आधी लिहून ठेवता येणार नाही असा हा विनोद आहे.

भोरचा संबंध येथे येतो. दादा कोंडके (१९३२–१९९८) यांचे कुटुंब मूळचे भोरजवळच्या इंगवली गावचे. गिरणीच्या नोकरीमुळे ते मुंबईत नायगावच्या चाळीत स्थिरावले. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतून गिरण्यांत गेलेल्या हजारो घरांपैकी हे एक घर होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेल्या दादांसाठी वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिले, ज्याचे आधीचे नाव ‘छपरी पलंगाचा वग’ असे होते. १९६५पासून त्याचे पंधराशेहून अधिक प्रयोग झाले. सबनीसांची संहिता पक्की असली तरी दादा दर प्रयोगाला त्या दिवसाच्या बातमीवर नवे संवाद घालत, त्यामुळे एकच माणूस तेच नाटक पुन्हा पाहायला येई. लेखकाचा विनोद आणि नटाचा विनोद यांची इतकी चोख सांगड मराठी रंगभूमीवर क्वचितच पडली असेल. ‘सोंगाड्या’ (१९७१) हा त्यांचा चित्रपटही सबनीसांनीच लिहिला होता. मराठीतील दोन प्रवाह मुळातच परस्परविरोधी आहेत, असे मानणाऱ्यांना या जोडीचे उत्तर द्यावे लागते.

दूरचित्रवाणीवरील वाटचाल

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात आलेली ‘चिमणराव’ ही मालिका चिं. वि. जोशींच्या कथांवर आधारलेली होती. दिलीप प्रभावळकरांचा भित्रा, हिशेबी चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा धिप्पाड, बेधडक गुंड्याभाऊ ही जोडगोळी घरोघरी पोचली. मर्यादित भाग, एका लेखकाचे विश्व, जाहिरातीच्या दडपणापासून मोकळी सरकारी वाहिनी, ही सारी लक्षणे ब्रिटिश व्यवस्थेच्या जवळची होती आणि फळही तसेच मिळाले. त्याच केंद्राच्या ‘गजरा’ कार्यक्रमात छोटी प्रहसने होत. मालिका आणि प्रहसन ही दोन्ही रूपे एका छताखाली नांदत होती.

हे पाहणारा प्रेक्षक कोण होता, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. पुणे परिसरासाठी सिंहगडावर प्रक्षेपण मनोरा उभा राहिला, परंतु दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. सिंहगडाच्या अलीकडे पुण्याला चित्र स्वच्छ दिसे. पलीकडे राजगड-तोरण्याच्या सावलीतील कानंदी आणि गुंजवणीच्या खोऱ्यांत, किंवा भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, ते कितपत पोचेल हे गावाच्या जागेवर अवलंबून होते. या भागात चैत्रातल्या यात्रेला नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन तमाशाच्या फडाला सुपारी देण्याची प्रथा मात्र घट्ट होती. म्हणजे चिमणरावाच्या काळात येथील बहुसंख्य माणसांचा विनोद यात्रेच्या कनातीतच होता. छपरावरची उपग्रह तबकडी आल्यावर डोंगराची अडचण संपली, पण प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या यंत्रणेने खेडी विचारात घ्यायला २०१५ साल उजाडावे लागले.

खासगी वाहिन्या आल्या तसे चित्र पालटले. १९९९मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठीवर (पुढे झी मराठी) २००१पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही साप्ताहिक मालिका आली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेल्या आणि केदार शिंदे दिग्दर्शित या मालिकेत तीन पिढ्यांचे घर होते, कोणी खलनायक नव्हता, आणि हसू ओळखीतून येई. आठवड्यातून एकदाच भाग येत असल्याने लेखनाला उसंत होती. त्यानंतर दैनंदिन मालिकांची लाट आली. आठवड्याला पाच-सहा भाग लिहायचे तर विनोदाची बारीक वीण टिकत नाही, कारण विनोदी प्रसंगाला नेमका शेवट लागतो आणि दैनंदिन मालिकेला शेवट परवडत नाही. विनोदी मालिका त्यामुळे मागे पडली आणि तिची जागा प्रहसनाने घेतली. ‘फू बाई फू’, २०१४पासून ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८पासून सोनी मराठीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ ही या रूपाची ठळक उदाहरणे होत. भाऊ कदम, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर ही नावे त्यांतून घराघरांत गेली. यांतील काही नट स्वतः लिहितातही. व्यवस्थेच्या दृष्टीने हे रूप अमेरिकी लेखककक्षाच्या जवळचे आहे, कारण भाग पुष्कळ, लेखक अनेक आणि काम सामूहिक. रूपाच्या दृष्टीने मात्र ती बतावणीच आहे, कारण दोन-तीन नट, जुजबी नेपथ्य आणि समोर बसलेल्या पाहुण्यांना मध्येच संवादात ओढणे हे सारे तेथलेच आहे.

प्रहसनाविषयीचे मतभेद

प्रहसनाच्या बाजूने असे सांगितले जाते की त्याने मराठी दूरचित्रवाणीवरील बोलींचा दुष्काळ संपवला. वऱ्हाडी, कोकणी, आगरी, सातारी बोलणारे नट प्रमाणभाषेच्या नटांच्या बरोबरीने उभे राहिले, आणि पुण्या-मुंबईबाहेरून, एकांकिका स्पर्धांतून आलेल्या मुलांना काम मिळाले. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीसाठी रंगभूमीवर जे केले, ते प्रहसनाने अनेक बोलींसाठी पडद्यावर केले, हा युक्तिवाद मोडून काढणे अवघड आहे. विरोधी बाजू म्हणते की बोली आली ती बहुधा हशासाठीच आली. पात्र गावाकडचे आहे हेच त्याचे हास्यास्पदपण ठरते, आणि शिवाय रंग, लठ्ठपणा, टक्कल यांवरचे विनोद तेथे सर्रास चालतात.

पुरुषांनी स्त्रीवेश घेण्यावरचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. आक्षेप असा की साडी नेसलेला पुरुष आणि त्याची लाडीगोडी हा स्त्रियांचा उपहास आहे आणि अभिनेत्रींच्या वाट्याच्या भूमिकाही त्यातून जातात. समर्थन असे की गौळणीतील मावशी पुरुषच करत आला आहे आणि तिची जीभ कृष्णालाही सोडत नाही, म्हणजे तेथे स्त्रीवेश हे सत्तेला बोलण्याचे साधन आहे. ब्रिटनमध्ये नाताळातील पँटोमाइम नाटकांत प्रौढ स्त्रीची भूमिका पुरुषच करतात, मॉन्टी पायथन मंडळींनी तीच रीत दूरचित्रवाणीवर आणली, आणि अत्र्यांची मावशी तर थेट लंडनच्या रंगभूमीवरून आलेली. दोन्ही दाखले खरे असले तरी त्यांनी आक्षेप निकालात निघत नाही. तमाशातील मावशी काहीतरी बोलते, तिला मत असते. आजच्या पुष्कळ प्रहसनांत साडीचा पदर सावरणे एवढाच विनोद असतो आणि पात्राला बोलायला काही दिलेलेच नसते. परंपरेचा आधार घ्यायचा तर तिच्यातील धारही घ्यावी लागेल. नम्रता संभेराव आणि विशाखा सुभेदार यांसारख्या अभिनेत्रींनी स्त्रीपात्रांना जे स्वतंत्र बळ दिले आहे, ते पाहता हा मुद्दा अधिकच रास्त ठरतो.

अनिर्णित प्रश्न

लेखकप्रधान साप्ताहिक मालिका मराठीत पुन्हा उभी राहील का, हा पहिला प्रश्न आहे. ओटीटी मंचांवर सहा-आठ भागांची मालिका शक्य झाली आहे, म्हणजे ब्रिटिश मापाची चौकट तांत्रिकदृष्ट्या हाताशी आली आहे, परंतु मराठी विनोदी लेखकाला त्या चौकटीत वर्षभराचे उत्पन्न मिळेल अशी घडी अजून बसलेली नाही. दुसरा प्रश्न मोबाइलचा. प्रहसने आता यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी पाहिली जातात, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात हशा मिळवण्याची घाई त्यांच्या बांधणीवर कायमचा परिणाम करील की नाही, हे सांगता येत नाही. हशाचाही प्रश्न आहे. परीक्षकांच्या आणि पाहुण्यांच्या हसण्याचे कॅमेऱ्याने दाखवलेले चेहरे घरच्या प्रेक्षकाला साथ देतात की त्याच्या वतीने निकाल देऊन मोकळे होतात, यावर अभ्यासकांत एकमत होण्याइतकी चर्चासुद्धा मराठीत झालेली नाही.

भोर-वेल्ह्याच्या संदर्भात प्रश्न आणखी नेमका होतो. भोरचा राजवाडा चित्रपटांना आणि मालिकांना पार्श्वभूमी म्हणून नेहमी लागतो, घाटातले रस्ते आणि धरणाचे पाणी पडद्यावर दिसते, पण या खोऱ्यांतील मावळी बोली आपल्या नजरेने जगाकडे पाहते आहे, अशी विनोदी व्यक्तिरेखा दूरचित्रवाणीवर ठसलेली दिसत नाही. इंगवलीचे मूळ सांगणाऱ्या नटाने जे रंगमंचावर आणि चित्रपटात साधले, त्याला लहान पडद्यावर वारस मिळाला आहे, असे आजच्या घडीला म्हणता येत नाही.

या सर्व चर्चेची मोठी अडचण पुराव्याची आहे. बीबीसीने १९६० आणि १९७०च्या दशकांत ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या, त्यात हॅनकॉकचे आणि ‘डॅड्स आर्मी’चे भाग गेले. मुंबई दूरदर्शनच्या ‘चिमणराव’ आणि ‘गजरा’ यांचाही फार थोडा भाग आज पाहायला मिळतो. यात्रांतील वगांची अवस्था तर त्याहून वाईट आहे, कारण ते मुळातच ध्वनिचित्रमुद्रित झाले नाहीत. भोर आणि राजगड तालुक्यांतील महाविद्यालयांनी, नाट्य आणि मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून, येत्या चैत्रातील यात्रांचे वग आणि बतावण्या फडमालकांच्या संमतीने, नटांच्या नावांसह पूर्ण मुद्रित करून ठेवाव्यात, आणि वाहिन्यांनी प्रत्येक प्रहसनाच्या लेखकाचे नाव यूट्यूबवरील तुकड्यांतही ठळकपणे द्यावे.